केतुबा: चौकट पाहणाऱ्यांनी मजकूरही वाचावा

१/
वरच्या बाजूला समोरासमोर पक्षी, त्यांच्याजवळ मासे, कडेने फुलांची वेल, क्वचित एखादा वाघ; आणि खाली हिब्रू अक्षरांचा दाट चौकोन. मुंबई, पुणे आणि कोलकाता येथील बगदादी यहुद्यांच्या सचित्र विवाहपत्रांत अशी मांडणी आढळते. या पत्रांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरतात. फिरताना बहुधा वरचे पक्षी उरतात आणि खालचा मजकूर कापला जातो. हा धागा त्या कात्रीविरुद्ध आहे.

२/
या विवाहपत्राचे नाव केतुबा. हिब्रूत 'लिहिणे' या अर्थाचा जो धातू आहे, त्यापासून हा शब्द झाला. अरबीतील 'किताब' आणि 'कातिब' हे शब्द त्याच कुळातले. केतुबा म्हणजे 'लिहिलेले'. ज्या वस्तूचे नावच 'लिहिलेले' आहे, तिच्यातील लेखन वगळून उरलेल्या भागाला 'सुंदर यहुदी चित्र' म्हणून मिरवणे हा रसिकपणा नव्हे. ते न वाचताच दिलेले प्रशस्तिपत्र आहे.

३/
केतुबा हे प्रेमपत्र नाही आणि विवाह झाल्याचा दाखलाही नाही. तो कर्जरोखा आहे, आणि कर्जदार आहे नवरा. पत्नीला अन्न, वस्त्र व मान देण्याचे, तिचे पालनपोषण करण्याचे तो मान्य करतो. घटस्फोट झाला किंवा त्याचा मृत्यू झाला तर तिला ठरलेली रक्कम मिळावी, असे लिहून देतो. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या धर्मसंहितेत ही किमान रक्कम प्रथमवधूसाठी २०० झूझ आणि विधवेसाठी १०० झूझ अशी आहे. प्रत्यक्षात अनेक समाजांत तीत वाढीव रक्कम घालून ती स्थानिक चलनात लिहिली गेली.

४/
रकमेला तारणही आहे. नवऱ्याची स्थावर-जंगम मालमत्ता, आज असलेली आणि पुढे मिळणारी, या ऋणाला बांधलेली असते. रूढ मजकूर तर अंगावरच्या वस्त्रापर्यंत जातो: वेळ आली तर खांद्यावरच्या उपरण्यातूनही हे देणे वसूल व्हावे. शेवटी आणखी एक कलम येते. हे वचन पोकळ समजू नये आणि हा कागद नुसता नमुना समजू नये, असे कागद स्वतःच बजावतो. त्याला नुसती शोभा समजणाऱ्यांना मूळ मजकुराने शतकांपूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे.

५/
नवरदेव साक्षीदारासमोर वस्त्राचा पदर हाती धरून देणे स्वीकारतो. दोन साक्षीदार सह्या करतात. विवाहविधीत हे पत्र सर्वांसमक्ष मोठ्याने वाचले जाते आणि मग वधूच्या स्वाधीन होते. ते तिचे. धर्मशास्त्राचा आग्रह इतका, की केतुबा हरवला तर दुसरा लिहून घेतल्यावाचून पतिपत्नींनी एकत्र राहू नये. चित्र हरवले तर कोणताही समाज संसार थांबवत नाही. थांबवतो तो हक्काचा कागद हरवला तर.

६/
ही परंपरा किती जुनी? इजिप्तमधील एलिफंटाईन बेटावर यहुदी सैनिकांची वसाहत होती. तेथील पपायरसांत अरामी भाषेतील विवाहकरार सापडले आहेत. त्यांतला एक इ.स.पू. ४४९ चा: वर अनन्या, मंदिराचा सेवक, वधू तामेत, इजिप्शियन दासी. तिने आणलेल्या मोजक्या वस्तूंची त्यात नोंद आहे. भर सभेत उभे राहून विवाह मोडण्याची मुभा त्यात दोघांनाही दिली आहे, तिलाही. पुढील काळाच्या धर्मशास्त्राने हा समान अधिकार राखला नाही. कागद वाचला तरच हे कळते.

७/
दुसरी साक्ष बाबाथा या स्त्रीची. इ.स. १३२ ते १३५ या काळात रोमविरुद्ध बंड पेटले, तेव्हा मृत समुद्राजवळच्या एका गुहेत ती आश्रयाला गेली. जाताना तिने आपली कागदपत्रे जपून नेली. १९६१ साली पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीन यांच्या पथकाला ती सापडली. जमिनीचे व्यवहार, मुलाच्या पालकत्वाचे दावे, आणि त्यांच्यात तिचा केतुबा. जीव वाचवायला निघालेल्या बाईने जे जवळ ठेवले, त्यात हा कागद होता. त्यावर एकही वेलबुट्टी नव्हती.

८/
मग सजावट आली कोठून? कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधील गेनिझा या कागदसंचयात मध्ययुगीन सजवलेल्या केतुबांचे तुकडे मिळाले आहेत. ऑस्ट्रियातील क्रेम्स येथील १३९२ च्या सुमाराच्या केतुबावर वर वधूला अंगठी देताना रंगवलेला आहे. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले यहुदी इटलीत, तुर्कस्तानात, उत्तर आफ्रिकेत पसरले आणि त्यांच्याबरोबर ही हौसही गेली. सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीत तिला इतका बहर आला, की काही नगरांतील यहुदी समाजांना केतुबाच्या सजावटीवरील खर्चाला मर्यादा घालावी लागली.

९/
येथे मुद्द्याची गाठ आहे. अल्जिअर्सचे धर्मपंडित शिमोन बेन झेमाह दुरान (१३६१ ते १४४४) यांनी कडांच्या लेखनामागील एक कारण नोंदवले आहे: कागदावर मोकळी जागा राहिली तर पुढे कोणी त्यात नवी अट घुसडू शकेल. म्हणून मोकळ्या कडा वचनांनी व आकृतींनी भरून काढायच्या. ओळीच्या शेवटी जागा उरली तर अक्षर ताणून ती भरण्यामागेही हीच सावधगिरी. हिशेबाच्या वहीत आकड्यापुढे रेघ मारून जागा बंद करणाऱ्या मुनिमाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

१०/
म्हणजे ही वेल शोभेची आहेच, पण ती राखणही करते. आतल्या शब्दांत कोणी फेरफार करू नये म्हणून ती तेथे उगवली. सजावटीमागे हौस होती, श्रीमंतीचा दिमाख होता, मंगलचिन्हांवरचा विश्वास होता. हे सगळे खरे. तथापि चौकट आणि मजकूर यांचे नाते चित्रफ्रेम आणि चित्र यांच्यासारखे नाही. कुंपण आणि शेत यांच्यासारखे आहे. शेत कापून टाकून कुंपणाचे कौतुक करणारा माणूस शेतकऱ्याला वेडाच वाटेल.

११/
आता आक्षेप एकेक पाहू. पहिला: 'ही परदेशी कला, तिचा महाराष्ट्राशी संबंध काय?' केतुबाचा मजकूर देशोदेशी बराचसा सारखा असतो. सजावट मात्र त्या त्या मातीची. इटलीच्या केतुबांत कमानी, खांब आणि पंखवाली बालके दिसतात. इराणमधील इस्फहानच्या केतुबांत सिंह आणि त्यांच्यामागून उगवणारा सूर्य, म्हणजे इराणचे जुने राजचिन्ह. हिंदुस्थानातील बगदादी केतुबांत येथले पक्षी, येथला वाघ, येथले भडक रंग. परके असेल तर ते शब्दांत शोधावे. चित्रांत तर येथलेच हात दिसतात.

१२/
बुलढाणा जिल्ह्यातील वाचकाला हा विषय दूरचा वाटेल. सिंदखेड राजा, लोणार, शेगाव यांच्या इतिहासात यहुदी विवाहपत्राला जागा कोठे? उत्तर खामगावच्या कापूस बाजारात आहे. एकोणिसाव्या शतकात खामगाव ही वऱ्हाडातील नामांकित कापूसपेठ होती. अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव चढले. १८७० मध्ये जलंब ते खामगाव अशी आगगाडीची शाखा केवळ या पेठेच्या बळावर सुरू झाली. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. १९०५ मध्ये ते बुलढाण्यात आले.

१३/
वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात जाई. त्या मुंबईतील मोठ्या कापूस-व्यापाऱ्यांत आणि पुढे गिरणीमालकांत ससून घराणे होते. डेव्हिड ससून बगदादहून निघून १८३० च्या दशकात मुंबईस आले. त्यांच्या मागोमाग तेथे बगदादी यहुद्यांची वस्ती वाढली. भायखळ्याचे सिनेगॉग, पुण्यातील १८६७ चे ओहेल डेव्हिड म्हणजेच 'लाल देऊळ', मुंबईच्या काळा घोडा भागातील १८८४ चे केनेसेथ एलियाहू ही त्या समृद्धीची दगडी चिन्हे. रंगीत केतुबा हे तिचेच कागदी चिन्ह. त्या समृद्धीच्या मुळाशी जो कापूस होता, त्यात वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचा वाटा नव्हता असे कोण म्हणेल?

१४/
येथे एक घोळ निस्तरला पाहिजे. 'महाराष्ट्रातील ज्यू' म्हणून एकच गठ्ठा बांधण्याची सवय आहे. बगदादी यहुदी हे एकोणिसाव्या शतकात आलेले व्यापारी. घरात अरबी, पुढे इंग्रजी. बेने इस्रायल हे कोकणात शतकानुशतके राहिलेले मराठीभाषक. बगदाद्यांनी बेने इस्रायलांशी सोयरीक सहसा टाळली; त्यांच्या यहुदीपणावर शंकाही घेतल्या. बगदादी केतुबाच्या छायाचित्राखाली 'बेने इस्रायलांची कला' असे लिहिणारा लेखक एका समाजाचा वारसा त्याला तुच्छ लेखणाऱ्याच्या नावे, किंवा उलट, चढवत असतो.

१५/
बेने इस्रायलांची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे गलबत कोकण किनाऱ्यावर फुटले आणि वाचलेली सात जोडपी अलिबागजवळ नवगावला लागली. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. आडनावे गावांवरून पडली: दिवेकर, केहिमकर, रोहेकर, पेणकर, राजपूरकर. मराठी माणसाची ओळख सांगणारा 'कर' या नावांना ज्या सहजतेने लागला आहे, ती सहजता कोणत्याही भाषणातल्या सलोख्यापेक्षा जुनी आहे.

१६/
सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग उभारले. घरगुती बोलीत ते सामाजी हसाजी दिवेकर. एकाच माणसाची दोन नावे, एक सिनेगॉगचे, एक गावचे. कोचीहून आलेल्या शिक्षकांनी बेने इस्रायलांना हिब्रू विधींची शिस्त दिली. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांच्यासारख्या विद्वानांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या सणाची 'हग्गादा' मराठी भाषांतरासह छापली गेली. पुण्याच्या प्रतीतील चित्रात बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका चक्क लुगड्यांत बसल्या आहेत.

१७/
दुसरा आक्षेप रसिकांचा: 'बेने इस्रायलांचे केतुबा साधे असतात, त्यांत पाहण्यासारखे काय?' पुष्कळसे साधे असतात हे खरे. मुंबई हे हिब्रू मुद्रणाचे केंद्र झाले तसे छापील नमुने आले. मधल्या जागा हाताने भरायच्या. संग्राहकांच्या बाजारात पक्ष्यांना भाव, छापील नमुन्याला नाही. परंतु इतिहासाचा भाव बाजारभावावर ठरत नाही. कारकून, शिपाई, सुतार, रेल्वेतला नोकर यांच्या घरातील लग्नाचा जो एकमेव औपचारिक कागद असेल, तो साधा आहे म्हणून टाकाऊ ठरवणे हा श्रीमंतांचाच इतिहास लिहिण्याचा सोपा मार्ग आहे.

१८/
शिवाय छापील म्हणजे कलाहीन हेही गृहीतक तपासण्यासारखे आहे. अक्षरांची निवड, कडेची पट्टी, वरची मंगलवचने, मध्ये सोडलेल्या जागांचे प्रमाण हे सर्व कोणीतरी योजले. ज्या मराठी समाजाने शिळाछापाच्या पोथ्यांवर प्रेम केले, पंचांगाच्या मुखपृष्ठावरील गणपती जपला, लग्नपत्रिकेच्या कडेची वेल निवडण्यात संध्याकाळ घालवली, त्याने छापील केतुबाकडे पाहून नाक मुरडावे हे विसंगत आहे.

१९/
तिसरा आक्षेप आळसाचा: 'मजकूर अरामीत, वाचणार कोण?' काही गोष्टी थोड्या शिकवणीने कळतात. केतुबाची सुरुवात वार, तिथी, महिना आणि वर्ष यांनी होते. वर्ष यहुदी सृष्टिशकाचे. त्यातून ३७६० वजा केले की साधारण इसवी सन मिळतो. वर्ष शरद ऋतूत बदलत असल्याने पहिले काही महिने एकाने मागे पडतात. शकात ७८ मिळवून सन काढणाऱ्या, सुहूर सनाशी झुंजणाऱ्या मोडी अभ्यासकाला यात अवघड काय आहे? ५६८५ म्हणजे १९२४-२५. इतकेच कळले तरी 'प्राचीन केतुबा' म्हणून फिरणारे किती कागद प्राचीन उरतील?

२०/
तिथीनंतर गाव येते. कित्येक केतुबांत गावाची ओळख त्याच्या पाण्यावरून दिली जाते: अमुक नगर, जे समुद्रकाठी वसले आहे, तमुक नगर, जे अमुक नदीवर आहे. एकाच नावाची दोन गावे असली तरी पाणी खोटे बोलत नाही. मेहकरात असा कागद लिहिला गेला असता तर लेखकाने पैनगंगा लिहिली असती. ताम्रपटात दानभूमीच्या चतुःसीमा सांगताना नदी-ओढे नोंदवणाऱ्या लेखकाची आणि या लेखकाची बुद्धी एकच. स्थानिक इतिहास आणखी कशाला म्हणतात?

२१/
यानंतर वर, वधू आणि त्यांच्या पित्यांची नावे. पुढे रकमा. शेवटी साक्षीदारांच्या सह्या. सह्यांचे हस्ताक्षर सराईत की अडखळते, हे पाहूनही पुष्कळ कळते. कोणत्या घराण्याची कोणाशी सोयरीक झाली, साक्षीला कोण बसले, कोणत्या गावचा माणूस मुंबईला स्थिरावला, हे सर्व त्या दाट चौकोनात आहे. पक्ष्यांच्या पंखांत यातले काहीच नाही. कात्री नेमकी इतिहासावर चालते आणि शोभा तेवढी वाचते.

२२/
बुलढाण्यातील घरांत लग्नाचा लेखी कागद अपरिचित नाही. बैठकीत बसून 'याद' लिहिली जाई. कोपऱ्यांना हळदकुंकू लागे. 'यादी पे शादी' हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. पण त्या यादीत देण्याचा भार बहुधा वधूपित्यावर. मुसलमान घरांतील निकाहनाम्यात मेहेर नवऱ्याने कबूल करायचा. केतुबा या दुसऱ्या प्रकाराच्या जवळचा. एकाच तालुक्यातील तीन परंपरांचे तीन कागद शेजारी ठेवले तर एक प्रश्न उभा राहतो: लग्नात कर्जदार कोण? हा प्रश्न रंगीत पक्षी विचारत नाहीत.

२३/
येथे दुसऱ्या टोकाची भाबडी स्तुतीही नको. 'यहुद्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी स्त्रियांना समान हक्क दिले' असे वाक्य केतुबाच्या नावावर खपवले जाते. ते खोटे आहे. पारंपरिक केतुबावर वधूची सही नसते. प्रथमवधू आणि विधवा यांचे दर वेगळे. घटस्फोटपत्र, ज्याला 'गेट' म्हणतात, ते नवऱ्यानेच द्यायचे. त्याने अडवले तर बाई अडकून पडते. अनेक केतुबांत वधूने आणलेल्या आंदणाचीही नोंद असते. केतुबाने बाईला सत्ता दिली नाही. तिला टाकून देणे महाग केले. त्या काळी तेही थोडे नव्हते.

२४/
आता ज्या सवयीने सर्वांत अधिक नुकसान केले, तिच्याकडे यावे. 'जगभर ज्यूंचा छळ झाला, भारतात झाला नाही' हे वाक्य बहुतांशी खरे आणि अभिमानास्पद आहे. परंतु ते इतक्यांदा उच्चारले जाते, की बेने इस्रायलांविषयी दुसरे वाक्य बोलण्याची गरजच उरत नाही. त्यांची सहिष्णुतेचे प्रमाणपत्र म्हणून नोंद होते, समाज म्हणून नाही. ज्याच्या उदारपणाची गोष्ट सांगायची तो यजमान. पाहुण्याचे नाव, व्यवसाय, भांडणे, कागद कोणी विचारत नाही. शतकानुशतके राहिलेल्या माणसाला 'पाहुणा' म्हणत राहणे हेच मुळात उदार नाही.

२५/
अशा कागदांचे मोल काय असते, हे १९६० च्या दशकाने दाखवले. बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तेथील मुख्य धर्मपीठाने १९६२ मध्ये विवाह-निबंधकांना सूचना दिल्या: बेने इस्रायल व्यक्तीचा इतर यहुद्यांशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या मागील पिढ्यांची चौकशी करावी. शंका अशी, की या समाजात पूर्वी विवाह आणि घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले होते काय. कोकणातील आजी-पणजींच्या लग्नांवर जेरुसलेमच्या कचेरीत प्रश्नचिन्ह लागले.

२६/
बेने इस्रायलांनी ते मुकाट्याने सोसले नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये त्यांनी धरणे धरले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी आहेत या सरकारच्या भूमिकेला पाठिंबा दिला. त्यानंतर धर्मपीठाने सूचनांतून समाजाचे नाव काढले. ज्यांच्या विवाहांच्या वैधतेवर दोन वर्षे वाद झाला, त्यांच्या विवाहपत्रांना 'गोड जुनी चित्रे' म्हणणे किती उथळ आहे, हे यावरून समजावे. केतुबा हा नेमका 'विवाह कसा झाला' या प्रश्नाचा कागद आहे.

२७/
भारतातही त्याचे वजन कमी नव्हते. ख्रिस्ती विवाहांसाठी १८७२ चा कायदा आहे, पारशी विवाहांसाठी १९३६ चा. यहुदी विवाहांसाठी संसदेने असा स्वतंत्र कायदा केलेला नाही. त्यांचे विवाह परंपरेने आणि धर्मशास्त्राने चालत आले. जेथे कायद्याचे पुस्तक नाही, तेथे केतुबाचे महत्त्व आपोआप वाढते.

२८/
आणि हे कागद घरांतून जात आहेत. १९५१ च्या जनगणनेत भारतात सव्वीस हजारांहून अधिक यहुदी होते; २०११ च्या जनगणनेत पाच हजारांहून कमी. महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी बेने इस्रायलांचा इतिहास १८९७ च्या सुमारास लिहून पूर्ण केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवमध्ये. कोकणच्या एका समाजाचा पहिला मोठा इतिहास चाळीस वर्षे थांबला आणि अखेर समुद्रापलीकडे प्रसिद्ध झाला. याची खंत किती मराठी इतिहासप्रेमींना आहे?

२९/
कागद सुटा झाला, की बाजार त्याला गाठतो. मुंबईत जन्मलेले डेव्हिड सॉलोमन ससून यांनी हिब्रू हस्तलिखितांचा अपूर्व संग्रह केला आणि १९३२ मध्ये त्याची सूची प्रसिद्ध केली. पुढे तो लिलावांतून विखुरला. त्यातलेच एक प्राचीन हिब्रू बायबल २०२३ मध्ये न्यूयॉर्कला ३ कोटी ८१ लाख डॉलरना विकले गेले. इतकी मोठी वस्तू निदान नावाने ओळखू येते. साधा केतुबा विकला गेला, की घराण्याचे नाव, गाव आणि आठवण त्याच्यापासून तुटते. उरते 'भारतीय यहुदी, सजावटयुक्त' एवढी चिठ्ठी.

३०/
उपाय अवघड नाहीत. केतुबाचे छायाचित्र द्यायचे तर संपूर्ण द्यावे: कडा, मजकूर, सह्या, मागची बाजू. खाली वर्ष, गाव आणि समाज लिहावा. बगदादी, बेने इस्रायल आणि कोची यांची सरमिसळ करू नये. कुटुंबाच्या अनुमतीवाचून नावे उघड करू नयेत. तो कोणाच्या तरी आजीच्या लग्नाचा कागद आहे. तुलनेसाठी साधन हवे असेल तर जेरुसलेम येथील इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जगभरच्या केतुबांच्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. मोडीचे वर्ग भरवणाऱ्या संस्थांनी हिब्रू अक्षरओळखीचे दोन तास जोडले, तर महाराष्ट्राचे नुकसान होणार नाही.

३१/
शेवटचा आक्षेप: 'इतक्या लहान समाजासाठी एवढा खटाटोप?' संख्या हा इतिहासाचा निकष असता तर एकेका ताम्रपटासाठी शेते कोणी उकरली नसती. सिंदखेड राजाच्या वाड्यात उभा राहणारा तरुण जिजाऊंच्या विवाहाविषयी एखादा समकालीन कागद मिळावा म्हणून आयुष्य वेचायला तयार असतो. एका ओळीची किंमत तो जाणतो. त्याच मराठी मुलखात वधूचे नाव, गाव, तिथी, साक्षीदार आणि तिच्या हक्काची रक्कम नोंदवलेले कागद ट्रंकांत पडून आहेत.

३२/
ते कागद जिने शेवटपर्यंत जपले, तिने ते पक्ष्यांसाठी जपले नव्हते. पक्षी तिलाही आवडले असतील. लग्नाच्या दिवशी ते सर्वांनी पाहिले असतील. पण वर्षानुवर्षे लुगड्यांच्या घडीखाली तो कागद राहिला तो त्यातील मजकुरासाठी, कारण त्यात तिचे नाव होते आणि तिचे काय देणे लागते ते लिहिलेले होते. त्या चित्राकडे पाहणाऱ्याने किमान तेवढे वाचावे.